मँडरिन बदकाचे रंग फोटोत का जळतात आणि ते वाचवायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: लंडनला राहायला आल्यावर रिचमंड पार्कातल्या इझाबेला प्लांटेशनमध्ये मँडरिन बदकं दिसली, कॅमेरा कॅनन आर७, लेन्स आरएफ १००-४००, पण फोटोत नराची नारिंगी शिडं (पाठीवर शिडासारखी उभी राहणारी पिसं) रंगाचा एक सपाट डाग होऊन येतात, डोळ्यावरचा पांढरा पट्टा जळतो (नुसता पांढराफेक, आतला बारकावा गेलेला) आणि डोक्यावरचा हिरवा-जांभळा रंग चक्क काळा येतो. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं तर अजूनच बिघडतं. मग लेन्स बदलावी का? आणि शेवटी, भारतात हा पक्षी मिळेल का?

लेन्स बदलू नका, आहे ती या कामाला पुरते. तुमचा प्रॉब्लेम शार्पनेसचा नाहीच आहे, प्रकाश कुठून येतोय आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ घ्यायचा ते) कुठे ठेवलंय याचा आहे. या पक्ष्याला रंग इतका आहे की तो वाढवायची गरज कधीच पडत नाही, कॅमेऱ्यापासून आणि नंतर एडिटिंगपासून तो वाचवावा लागतो. खाली सगळं याच अंगाने लिहितोय.

आधी पिसांचं समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. नराच्या अंगावर दोन वेगळ्या जातीचे रंग आहेत. शिडं, गालावरचे लांब कल्ले, बाजूचा बदामी भाग हे रंगद्रव्याचे रंग, म्हणजे पिसातच रंग भरलेला आहे, कुठूनही बघा, तसाच दिसणार, फक्त उजेड कमी-जास्त. डोक्यावरचा हिरवा, मानेमागच्या शेंडीवरची झाक, छातीचा जांभळा हे मात्र रचनेचे रंग आहेत. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनचे कण आणि केराटिनचे अतिशय पातळ थर असतात, त्यावर आपटून परत येणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि ठराविक कोनातच ठराविक रंग उठतो. मोराच्या पिसात हेच होतं. पैठणीचा धूपछाव पदर हलवला की रंग पालटतो तसं हे बदक मान वळवतं तेव्हा डोकं हिरव्यातून जांभळ्यात आणि तिथून काळ्यात जातं. काळ्यात का, तर मेलॅनिन मुळात काळंच, त्या कोनातून प्रकाश परत आला नाही की तुम्हाला फक्त मेलॅनिन दिसतं. म्हणजे तुमच्या फोटोतलं काळं डोकं ही कॅमेऱ्याची चूक नाही, त्या क्षणी तिथून रंग येतच नव्हता. आणि जो रंग आलाच नाही तो एडिटिंगमध्ये शॅडो स्लायडर उचलून (गडद भाग उजळून) येणार नाही, फक्त नॉईज, म्हणजे दाणेदारपणा येईल.

आता इझाबेला प्लांटेशनचं बघा. ते १९५३ ला लोकांसाठी उघडलेलं जंगलवजा उद्यान आहे, झाडं गर्द, त्यात छोटी तळी. झाडाखालच्या पाण्यात बसलेल्या बदकाच्या डोक्यासमोर काय असतं? अंधारी झाडी. मग ते डोकं परत काय पाठवणार. त्यामुळे पहिलं काम म्हणजे जागा निवडणं. तळ्याचा असा कोपरा शोधा जिथे तुमच्या मागे आकाश मोकळं आहे. सूर्य असेल तर तो तुमच्या पाठीमागे, खाली आणि किंचित एका बाजूला. अशा वेळी पक्ष्याने तोंड तुमच्याकडे पाऊण वळवलं की डोक्यावर हिरवा एकदम पेटतो, एखाद सेकंद राहतो आणि जातो. तेवढ्यासाठी बर्स्ट (सलग भराभर फोटो) मारायचा, बाकी वेळ बोट शटरवर नुसतं ठेवायचं.

लंडनच्या हिवाळ्याला लोक नावं ठेवतात पण या एका कामासाठी तो सोन्यासारखा आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून १५ अंशांच्या आसपासच असतो, पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे आपल्याकडे सकाळी आठ-साडेआठनंतर जो तिरका प्रकाश संपतो तो इथे ऊन असेल तर दिवसभर मिळतो. ढग असले तरी घरी बसू नका. पातळ ढग असलेला उजळ दिवस मला तर कडक उन्हापेक्षा बरा वाटतो, हिरवा झगझगीत पेटत नाही पण आकाशातून सगळीकडून प्रकाश येतो म्हणून डोक्यावर थोडा थोडा रंग बराच वेळ दिसत राहतो, पांढरा जळत नाही आणि शिडांमधले तंतू वेगळे दिसतात. पूर्ण काळोखी पावसाळी हवा असेल तर मात्र रंगाचा नाद सोडून वागणुकीचे फोटो काढा.

एक्स्पोजरकडे येतो, कारण निम्मं नुकसान इथे होतं. मँडरिन बहुतेक वेळा गडद पाण्यावर असतो. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या फ्रेमचा विचार करतं, त्याला वाटतं अंधार आहे, ते उजेड वाढवतं आणि डोळ्यावरचा पांढरा पट्टा गेला. पुढच्या क्षणी तोच पक्षी आकाशाचं प्रतिबिंब असलेल्या उजळ पाण्यात येतो आणि मीटर उलटं करतं. पक्ष्यावरचा प्रकाश दोन्ही वेळा तोच होता. म्हणून प्रकाश स्थिर असेल तर सरळ मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) पण फिक्स. तळ्यावर एखादा हंस असतोच बहुधा, त्याच्या उन्हातल्या पाठीवर एक टेस्ट शॉट घ्या, हायलाइट अलर्ट (जळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू ठेवा, पांढरं लुकलुकायला लागेल तिथून दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली या आणि मग ते सेटिंग हलवू नका, ढग येईपर्यंत. ऊन-सावली सारखी बदलत असेल तर ऑटो आयएसओ ठेवा आणि गडद पाण्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या उजेडात आपण केलेली कमी-जास्त) उणे २/३ ते उणे १ पर्यंत.

पण पांढरा वाचला म्हणजे नारिंगी वाचला असं नाही, आणि हा मुद्दा बरेच अनुभवी लोकपण विसरतात. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनलची गोळाबेरीज दाखवतो. नारिंगीमध्ये लाल प्रचंड, हिरवा मध्यम, निळा जवळपास शून्य. त्यामुळे गोळाबेरीज छान मधोमध दिसते आणि लाल चॅनल केव्हाच उजव्या भिंतीला टेकलेला असतो. आर७ च्या सेटिंगमध्ये हिस्टोग्राम ब्राइटनेसवरून आरजीबीवर करा, फाइंडरमध्येच लाइव्ह दिसतो. शिवाय हा हिस्टोग्राम रॉ फाइलचा (सेन्सरच्या कच्च्या माहितीचा) नसतो, कॅमेऱ्यातल्या जेपेगचा असतो, म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रल किंवा फेथफुल, कॉन्ट्रास्ट कमी, ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर बंद, म्हणजे तो जरा खरं बोलतो. शूट अर्थातच रॉमध्ये. जेपेगमध्ये या पक्ष्याचा नारिंगी एकदा गेला की गेला.

शटरचं लवकर उरकतो. शांत पोहतोय तर सेकंदाचा १/५०० चालतं, पिसं साफ करतोय तर १/१०००, पंख फडफडवणार असेल तर १/२५०० च्या खाली नको. तुमची लेन्स ४०० ला एफ ८ आहे, म्हणजे उजेड कमी आत घेते, त्यामुळे हिवाळ्यात आयएसओ ३२०० पर्यंत जाणार, जाऊ द्या, हल्लीच्या डिनॉइजमध्ये तेवढं निघतं, हललेलं पीस निघत नाही. फक्त फडफडीच्या वेळी फुल इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, या बॉडीचा सेन्सर हळू वाचला जातो आणि पंख वाकडे येतात. मेकॅनिकल शटरला सेकंदाला १५ फ्रेम आहेत, पुरे झाल्या.

लोक एफ ८ ला नाकं मुरडतात, मला या पक्ष्यासाठी तो आवडतो. गणित करून बघा, ४०० मिलिमीटर, एफ ८, पक्षी ५ मीटरवर, तुमच्या क्रॉप सेन्सरवर शार्प राहणारी खोली साधारण ५ सेंटिमीटर फक्त. मँडरिनची अख्खी लांबी ४१ ते ४९ सेंटिमीटर आणि दोन्ही शिडं पाठीच्या दोन बाजूंना उभी. म्हणजे जवळच्या शिडावर फोकस गेला तर डोळा गेला आणि डोळ्यावर गेला तर लांबचं शिड विरघळणार. उपाय म्हणजे पक्षी सेन्सरला जितका समांतर असेल तितकं बरं, पूर्ण बाजूने शरीर आणि मान किंचित तुमच्याकडे. फोकस कायम डोळ्यावर. आर७ चं डोळा शोधणं चांगलं आहे पण मँडरिनमध्ये कधी कधी ते गालावरच्या कल्ल्यांवर अडकतं, कारण काळा डोळा तसा शांत आणि कल्ले एकदम ठळक रेघांचे, म्हणून छोटा पॉइंट एका बटणावर तयार ठेवा.

आणि खाली झोपा. हे मी सगळ्यात जोरात सांगेन. उभं राहून काढलेल्या फोटोत बदकाची पाठ दिसते, मागे सपाट पाणी दिसतं, आणि शिडांचा जो उभा आकार आहे तोच दिसत नाही. लेन्स पाण्याच्या पातळीला आली की शिडं पार्श्वभूमीवर उभी राहतात, छातीवरच्या दोन उभ्या पांढऱ्या रेघा समोर येतात, मागचं सगळं विरघळतं. गुडघे दुखत असतील तर स्क्रीन बाहेर काढून वळवा आणि कॅमेरा बीनबॅगवर ठेवा, घरी तांदूळ भरून शिवलेली पिशवीसुद्धा चालते, ओली झाली तर तेवढी वाळवा. पेग्ज पाँड, म्हणजे ब्रूमफील्ड हिलच्या बाजूचं तळं, तिथे काठ खाली आहे आणि बदकांना माणसांची सवय आहे, सुरुवात तिथून करा.

पार्श्वभूमीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी-तांबडी झाली की सगळे त्या सोनेरी प्रतिबिंबातला मँडरिन शोधतात, दिसायला छानच असतं, पण नारिंगी शिडं नारिंगी पाण्यात हरवतात. रंग दाखवायचा असेल तर गडद हिरवं किंवा निळसर राखाडी पाणी घ्या, नारिंगी आपोआप पुढे येतो, एडिटिंगमध्ये हात लावावा लागत नाही. सोनेरी पाण्यात मला मादी जास्त आवडते. तिच्याकडे फार कोणी कॅमेरा वळवत नाही, राखाडी अंग, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि मागे जाणारी बारीक पांढरी रेघ, पोटाकडे ठिपके, तिला ते ऊबदार पाणी शोभतं.

वाट कशाची बघायची ते सांगतो. बदक आंघोळ करायला लागलं, म्हणजे डोकं पाण्यात घालून पाणी पाठीवर उडवायला लागलं की शटर लगेच वाढवा, कारण आंघोळ झाली की ते जवळपास नेहमी पाण्यावर उभं होऊन पंख झाडतं. तो फोटो झाल्यावर निघून जाऊ नका. त्यानंतर ते पिसं नीट करत बसतं, एकेक पीस चोचीतून काढतं, आणि ते संपल्यावरची पाच-दहा मिनिटं पिसारा सगळ्यात नीटनेटका असतो, शिडं सरळ, शेंडी फुललेली. रंगाचा पोर्ट्रेट तेव्हा घ्यायचा. ही शिडं म्हणजे प्रत्येक पंखाचं शरीराजवळचं एकेक रुंद झालेलं पीस आहे. पीस विस्कटलेलं असेल तर त्यावर प्रकाश कसाही पडतो आणि रंग मेल्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट प्रणयाराधन. शरद ऋतूपासून हिवाळाभर चार-पाच नर एका मादीभोवती जमतात, शेंडी फुगवतात, शिडं ताठ करतात. त्यात एक ठरलेली हालचाल आहे: नर चोच पाण्यात बुडवून पाणी प्यायल्यासारखं करतो आणि लगेच मान मागे वळवून शिडाच्या मागे चोच नेतो, पिसं साफ केल्यासारखी. प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यासक कोनराड लोरेन्झने बदकांच्या अशा हालचालींवर काम केलंय, त्यात हीपण आहे, मँडरिनची चोच नेमकी त्या नारिंगी पिसाकडेच जाते. फोटोग्राफरसाठी याचा अर्थ असा की पाणी पिणं ही सूचना आहे. चोच पाण्याला लागली की बर्स्ट चालू करा, पुढच्या क्षणी डोकं, लाल चोच आणि शिड तिन्ही एका जागी आणि एका फोकसमध्ये मिळतात.

सीझन चुकवू नका. नवा पिसारा ऑक्टोबरपर्यंत पूर्ण येतो आणि मार्चपर्यंत उत्तम राहतो. एप्रिल-मे मध्ये इझाबेलात अझेलिया फुलतात, तुफान गर्दी असते, फुलांची प्रतिबिंबं सुंदर असतात पण तोवर नरांची पिसं झिजलेली असतात, कुणाचं एक शिड गळलेलं. उन्हाळ्यात तर नर सगळी रंगीत पिसं टाकून मादीसारखा राखाडी होतो, ओळखायची खूण एकच, चोच लालसर राहते. जुलैमध्ये जाऊन 'नर गेले कुठे' असं विचारणारे खूप भेटतात, नर तिथेच असतात.

पोलरायझरबद्दल, म्हणजे चमक कापणाऱ्या लेन्सवरच्या फिल्टरबद्दल, बरंच सांगितलं जातं. पाण्याची चमक तो सगळ्यात जास्त कापतो ती साधारण ३७ अंश वरून पाण्याकडे बघताना. तुम्ही झोपून, पाण्याला जवळजवळ चिकटून काढताय, तिथे त्याचा पाण्यावर फारसा परिणाम होत नाही, वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तुमच्या एफ ८ ला ते परवडत नाही. उभं राहून काढायचं असेल तेव्हा ओल्या पिसांवरची पांढरी झाक तो कमी करतो हे खरं, पण फिरवताना डोक्यावरच्या हिरव्याकडे लक्ष ठेवा, काही कोनांत तोही कमी होतो. फ्लॅश नको. पक्ष्याला त्रास, आणि रचनेचे रंग समोरच्या एकाच ठिणगीत भडक आणि ठिपक्याठिपक्यांचे येतात. व्हाइट बॅलन्स ऑटो न ठेवता डेलाइट किंवा ५२०० ते ५६०० केल्विन फिक्स करा, कारण ऑटो प्रत्येक फ्रेमला नारिंगीकडे बघून निळं ओततो आणि मग एका बर्स्टमधल्या फोटोंचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. झाडाखाली पांढऱ्या पट्ट्यावर हिरवट छटा येते, ती नंतर टिंटमध्ये थोडी मजेंटाकडे सरकवून काढा.

आता एडिटिंग, जिथे तुम्ही सॅच्युरेशन वाढवलंत आणि बिघडलं. कारण असं: नेटवर टाकायचा फोटो एसआरजीबीमध्ये जातो आणि त्या रंगपट्ट्यात इतका कडक नारिंगी मावत नाही. लाल २५५ ला टेकतो, निळा शून्याला, आणि शिडातला सगळा बारकावा एकट्या हिरव्या चॅनलवर येऊन पडतो. म्हणून सपाट दिसतं. उलट करा. प्रोफाइल अडोबी न्यूट्रल किंवा कॅमेरा न्यूट्रल घ्या, एक्स्पोजर गरजेपुरतंच, मग कलर मिक्सरमध्ये ऑरेंजचं ल्युमिनन्स (उजळपणा) खाली आणा, उणे १५-२० पर्यंत, आणि ऑरेंजचं सॅच्युरेशनसुद्धा थोडं कमी करा, उणे ५ ते १०. निळा चॅनल शून्यावरून वर आला की शिडातले तंतू एकदम परत दिसायला लागतात, आणि गंमत म्हणजे रंग जास्त श्रीमंत वाटतो. व्हायब्रन्स, सॅच्युरेशनचे मोठे स्लायडर हातच लावू नका. डोक्यावर लहानसा मास्क टाकून शॅडो थोडे उचला, पण फ्रेममध्ये रंग मुळात असेल तरच. क्लॅरिटी पिसांवर वापरली की मऊपणा जातो, त्यापेक्षा टेक्स्चर थोडं, तेही डोळा आणि शिडांपुरतं. शेवटी एसआरजीबीचं सॉफ्ट प्रूफिंग (त्या रंगपट्ट्यात फोटो कसा दिसेल ते) चालू करून गॅमट वॉर्निंग, म्हणजे न मावणाऱ्या रंगांची खूण बघा, शिडावर मोठा पट्टा लाल दिसत असेल तर अजून खाली या. फोनवर बघून ठरवू नका, बऱ्याच फोनचे स्क्रीन नारिंगी स्वतःहून भडक करतात.

पक्ष्यासाठी दोन गोष्टी. ब्रेड टाकून जवळ बोलवायचं नाही, रॉयल पार्क्स वन्यजीवांना खायला घालू नका असंच सांगतात, आणि फोटोच्या दृष्टीनेही ब्रेडच्या मागे धावणारं बदक मान खाली घालून असतं, शिडं आडवी, काही कामाचं नाही. शरद ऋतूत बीच आणि ओकची फळं पडतात ती या बदकांना फार आवडतात, काठावरच्या अशा झाडाखाली गप्प पडून राहा, ती स्वतः येतात. वसंतात मादी झाडाच्या ढोलीत अंडी घालते, ढोलीच्या तोंडासमोर मोठी लेन्स लावून बसू नका. आणि ऑक्टोबरमध्ये पहाटे पार्कातून चालत जाणार असाल तर हरणांच्या माजाचा हंगाम असतो, ५० मीटर लांब राहा, त्यांच्यात आणि तुमच्यात काही आडोसा नसतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की भारतात हा पक्षी मिळेल का. मूळचा तो चीन, जपान, कोरिया आणि रशियाच्या पूर्व टोकाचा, इंग्लंडमध्ये बागांसाठी आणलेला आणि तिथून सुटून रानात रुजलेला. भारतात फार दुर्मिळ, फेब्रुवारी २०२१ मध्ये आसामच्या तिनसुकिया भागात मागुरी बील या पाणथळावर एक नर आला तेव्हा शंभरहून जास्त वर्षांनी तिथे दिसला म्हणून देशभरातले फोटोग्राफर धावले होते. महाराष्ट्रात त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पण सुट्टीत पुण्याला गेलात तर भिगवणला जा, सराव अगदी हाच होतो. नकट्याची पाठ घ्या, लांबून काळी दिसते आणि कोन जमला की निळी-हिरवी उठते, शेजारी पांढरी मान, म्हणजे काळा आणि पांढरा दोन्ही सांभाळायची तीच परीक्षा. चक्रवाकावर नारिंगीचा लाल चॅनल सांभाळायला शिका. काणूक दिसला तर सोडू नका, छोटा आहे पण नराच्या पाठीवरचा हिरवा असाच कोनावर चालतो. फक्त तिथे ऊन फार लवकर चढतं, म्हणून नाववाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की उजाडायच्या आत पाण्यात असायला हवं, आणि नाव अशी लावायला सांगा की सूर्य तुमच्या पाठीशी राहील.